कॉल ऑफ ड्यूटी ४ कॅफेतून का हलला नाही: नवी मुंबईतल्या बारा मशीनचं एक प्रकरण

मॉडर्न वॉरफेअर २ हा गोळीबाराचा गेम १० नोव्हेंबर २००९ ला आला आणि पहिल्याच दिवशी अमेरिका नि ब्रिटन मिळून त्याच्या ४७ लाखांच्या आसपास प्रती खपल्या. तो बनवणाऱ्या इन्फिनिटी वॉर्ड कंपनीचाच दोन वर्षं जुना कॉल ऑफ ड्यूटी ४: मॉडर्न वॉरफेअर मात्र आपल्याकडच्या गेमिंग कॅफेंतून आणि कॉलेजांच्या फेस्टमधून पुढे बरीच वर्षं निघाला नाही. नवा भाग देखणा होता, त्याचे ट्रेलर पोरांना तोंडपाठ होते, तरी क्लास सुटल्यावर मशीनवर चालू व्हायचा तो कॉल ऑफ ड्यूटी ४, थोडक्यात 'चार'.

'गेमप्लेच भारी होता' हे उत्तर खोटं नाही, पण त्याने अर्धंच कोडं सुटतं. उरलेलं अर्धं सुटतं ते कॅफेच्या गल्ल्यावर बसून पाहिलं की.

प्रकरण म्हणून नेरूळ-वाशी पट्ट्यातला एक सर्वसाधारण कॅफे धरू. सिडकोच्या इमारतीतला तळमजल्याचा गाळा, समोरासमोर दोन रांगांत सहा-सहा मशीन, गल्ल्यावर एक जुना पीसी, १०० एमबीपीएसचा १६ पोर्टचा स्विच, २५६ केबीपीएसचं ब्रॉडबँड आणि तासाला २० रुपये दर. २५६ हा आकडा उगाच घेतलेला नाही. केंद्राच्या २००४ च्या धोरणानुसार 'ब्रॉडबँड' म्हणवून घ्यायला तेवढा वेग पुरत होता.

मेल्यानंतर काय

चार यायच्या आधी असल्या गाळ्यावर राज्य होतं ते काउंटर-स्ट्राईक १.६ चं. अतिशय नेमका, शिस्तीचा खेळ. पण त्यात राऊंडला एकच जीव. पहिल्या पंधरा सेकंदांत डोक्यात गोळी बसली की उरलेला राऊंड बाकीच्यांचं बघत बसायचं. कबड्डीत निदान आपल्या चढाईवाल्याने समोरचा गडी मारला की बाद झालेला परत आत येतो. इथे तीही सोय नाही. घरी बसून फुकट खेळणाऱ्याला याचं काही वाटत नाही. कॅफेत मात्र मिनिटाला ३३ पैसे चालू असतात. नवशिक्याची तासातली २० मिनिटं प्रेक्षक म्हणून गेली तर त्याचे साडेसहा रुपये नुसते बघण्यात गेले. असा गडी दोनदा येतो, तिसऱ्यांदा येत नाही.

चारमधल्या टीम डेथमॅचमध्ये, म्हणजे समोरच्या टीमचे जास्त गडी मारायच्या प्रकारात, मेलेला गडी लगेच परत उभा राहतो. सामना दहा मिनिटांचा किंवा ७५० गुणांचा, एका माणसाला १० गुण, म्हणजे ७५ बळी. तासात पाच-सहा सामने होतात आणि प्रत्येक सामन्यानंतर कोणी उठला, कोणी नवा बसला, तरी काही बिघडत नाही. काउंटर-स्ट्राईकमध्ये पाच जणांचा ठरलेला चमू लागतो. इथे बाराव्या खुर्चीवर कोणीही अनोळखी बसला तरी डाव चालतो. गल्ल्यावरच्या माणसाला हे फार लवकर कळलं असणार.

किलकॅमचाही इथे मोठा उपयोग. आपल्याला कोणी, कुठून, कशाने मारलं ते मेल्यावर समोरच दिसतं. बारा पोरं एका खोलीत असताना 'हॅक मारतोय' हे भांडण दर पाच मिनिटांनी निघतं आणि किलकॅम ते बऱ्याचदा तिथल्या तिथे मिटवतो. शेजाऱ्याच्या स्क्रीनवर डोकावण्यावर मात्र त्याचा इलाज नाही. त्याला उपाय एकच: एक टीम एका रांगेत, दुसरी समोरच्या रांगेत, म्हणजे प्रत्येकाला समोरच्याच्या मॉनिटरची पाठ दिसते. सरमिसळ बसवलं की खेळ संपलाच.

आधीच्या भागाशी तुलना

कॉल ऑफ ड्यूटीचा तिसरा भाग २००६ साली आला तो फक्त कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमिंग यंत्रांवर. पीसीवर आलाच नाही. त्यामुळे कॅफेपुरता चारचा थेट पूर्वज म्हणजे २००५ चा कॉल ऑफ ड्यूटी २. दुसरं महायुद्ध, बोल्ट ओढायच्या रायफली, पळण्याची वेगळी कळ नाही, सगळ्यांना सारखीच हत्यारं. नेम पक्का असलेल्यासाठी तो फार सुंदर खेळ होता. नवख्यासाठी तेवढाच निर्दय, कारण समोरच्याची रायफल एका गोळीत काम करायची आणि याची पहिली गोळी भिंतीत गेली की दुसरीसाठी बोल्ट ओढेपर्यंत खेळ खलास.

चारने युद्ध आजच्या काळात आणलं, धावण्याची कळ दिली आणि हत्यारासोबत तीन पर्क, म्हणजे खास क्षमता, तीन रकान्यांतून एकेक निवडू दिले. पर्कमुळे काय झालं ते एका हत्यारावरून बघू, नुसतं 'विविधता आली' म्हणण्यात अर्थ नाही.

अंगात जीव १००. एम१६ रायफलीची गोळी जवळून ४० आणि लांबून ३० चं नुकसान करते. एकदा ट्रिगर दाबला की तीन गोळ्या सुटतात, हा एक बर्स्ट. जवळून तीन गोळ्या म्हणजे १२०, गडी गेला. लांबून तीन गोळ्या म्हणजे ९०. गडी दहावर जिवंत राहतो, आणि दुसरा बर्स्ट सुटेपर्यंत जो थोडा वेळ जातो त्यात तो तुम्हाला मारतो. आता स्टॉपिंग पॉवर हा पर्क लावा. नुकसान ४० टक्क्यांनी वाढतं. लांबची ३० ची गोळी ४२ ची होते, तीन गोळ्या १२६. म्हणजे कुठल्याही अंतरावर एका दाबात माणूस आडवा. जवळून तर ४० ची ५६ होते, दोनच गोळ्या पुरतात. एम१६ आणि स्टॉपिंग पॉवर ही जोडी जिथे तिथे दिसायची त्यामागे एवढंच गणित.

यावरचा उतारा म्हणजे जगरनॉट. तो लावला की बसणारं नुकसान पाऊण होतं. जवळची ४० ची गोळी ३० ची झाली, तीन गोळ्यांचे ९० झाले, गडी वाचला. आणि समोरच्याकडे स्टॉपिंग पॉवर असेल तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, नुकसान मूळ आकड्यावर येतं. त्यामुळे हे दोन पर्क दुसऱ्या रकान्यातली बाकीची सगळी निवड गिळून टाकतात, हा खेळाचा खरा दोष. शत्रूच्या टेहळणी विमानापासून (यूएव्ही) लपवणाऱ्या यूएव्ही जॅमरसारखे हुशारीचे पर्क कोणी फारसे लावायचे नाहीत.

तिसऱ्या रकान्यातला मार्टर्डम हा तर शिव्यांचा धनी. मेलेल्याच्या हातून पिन काढलेला ग्रेनेड पडतो आणि त्याच्या अंगावरून पुढे धावणारा विजेता उडतो. स्पर्धेच्या दृष्टीने हा वाईट डिझाईनचा नमुना आहे. पण ज्याला सामन्यात फक्त तीन बळी मिळालेत, त्यातले दोन मेल्यानंतर मिळाले तरी तो खुशीत घरी जातो. सलग तीन मारले की यूएव्ही, पाचला हवाई हल्ला, सातला हेलिकॉप्टर ही शिडीही अशीच. सातपर्यंत कमी जण पोचतात, पण तीन सगळ्यांनाच कधी ना कधी जमतात. कच्च्या भिडूला अधूनमधून हाती काही तरी लागतं आणि पक्क्याला त्याचा राग येतो. या दोन्ही गोष्टी कॅफे चालायला मदतच करतात.

शिपमेंट या नकाशाबद्दल एक अवांतर. उरण रस्त्यावर रोज जेएनपीटीचे कंटेनर बघणाऱ्यांना कंटेनरांनी भरलेला तो चिमुकला चौक ओळखीचाच वाटणार. बारा जण त्यात सोडले की जन्माला येतानाच पायाशी ग्रेनेड असतो. डोकं शांत करायला एक सामना ठीक, सलग दोन नकोत.

जुन्या मशीनवर, मोजक्या नेटवर

कंपनीने सांगितलेली किमान गरज होती ती पेंटियम ४ चा २.४ गिगाहर्ट्झ, एक्सपीवर ५१२ एमबी रॅम, जीफोर्स ६६०० किंवा रेडिऑन ९८०० प्रो कार्ड आणि ८ जीबी जागा. २००७-०८ च्या कॅफेत जे होतं त्यात थोडी रॅम घालून, एखादं कार्ड बदलून भागत होतं.

आता ते ८ जीबी बघा. २५६ केबीपीएसवर उतरवायचे तर अडीच लाख सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ तीन दिवस, तेही लाईन मध्ये तुटली नाही तर. तेच १०० एमबीपीएसच्या स्विचवरून एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायला पंधराएक मिनिटं. म्हणून चार पसरला तो डीव्हीडी आणि हार्ड डिस्कवरून. किती कॅफेंनी बारा मशीनसाठी बारा मूळ प्रती घेतल्या, हा प्रश्न त्या काळात कोणी कोणाला विचारत नसे.

सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना एका सामन्यात जोडणारा प्रोग्राम, लावताना ज्या चुका हमखास होतात त्या अशा. सगळ्या मशीनवर आवृत्ती एकच हवी, १.७. ही थेट मूळ डिस्कवर बसत नाही, आधी १.६ चा पॅच (सुधारणेची फाईल), मग १.७ चा. एखाद्या मशीनवर १.६ राहून गेलं की ते सर्व्हरला जोडलंच जात नाही आणि पोरं केबल हलवत बसतात. सर्व्हर गल्ल्यावरच्या पीसीवर चालवायचा, खेळाडूच्या मशीनवर कधीच नाही. तो चिडून उठला आणि गेम बंद केला की बाराही जण बाहेर. 'डेडिकेटेड' ही सेटिंग सर्व्हर सुरू करतानाच्या ओळीत द्यायची, १ म्हणजे लॅन (कॅफेतल्या कॅफेतलं नेटवर्क), २ म्हणजे इंटरनेट. गेम चालू झाल्यावर ती बदलत नाही, त्यामुळे कॉन्फिग फाईलमध्ये लिहून उपयोग नाही. लॅनला गेमची सीडी-की बाहेरच्या सर्व्हरवर तपासली जात नाही. सुरुवातीच्या ओळीच्या शेवटी नकाशा फिरवण्याची आज्ञा हवीच, नाहीतर काळी खिडकी उघडी दिसते पण सर्व्हर नुसता बसून राहतो. विंडोजच्या फायरवॉलमध्ये यूडीपीचा २८९६० पोर्ट मोकळा करायचा. आणि पंकबस्टर हा फसवणूक पकडणारा प्रोग्राम लॅनवर बंद ठेवायचा. तो इंटरनेटवरून स्वतःला ताजा करू बघतो, जमलं नाही की चांगल्या खेळाडूला हाकलतो, आणि दोष कॅफेवर येतो.

नेटवर्कवर भार किती पडतो? गेममधली 'रेट' ही सेटिंग २५००० ठेवली तर एका खेळाडूला सेकंदाला जास्तीत जास्त २५,००० बाइट. बारा जणांचे तीन लाख बाइट, म्हणजे २.४ मेगाबिट. १०० च्या स्विचला हे किरकोळ. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, एक आकडी मिलिसेकंदांत राहतो. बाहेरच्या सर्व्हरचं बघायचं तर सिंगापूर इथून ३,९०० किलोमीटर. फायबरमधून जाऊन-येऊन प्रकाशालाच ४० मिलिसेकंद लागतात, वाटेतला फेरा आणि लाईनची गर्दी वेगळी.

फ्रेमरेटचा, म्हणजे सेकंदाला स्क्रीनवर किती चित्रं (फ्रेम) येतात त्याचा, एक खोडसाळपणा मात्र ध्यानात ठेवावा लागतो. चारचं इंजिन मुळात क्वेक ३ या जुन्या गेमच्या घराण्यातलं. त्यात उडीची उंची सेकंदाला किती फ्रेम चालतात त्यावर थोडी बदलते, कारण प्रत्येक फ्रेमला हालचालीचे आकडे पूर्णांकात आणले जातात. १२५, २५० आणि ३३३ हे आकडे प्रसिद्ध झाले ते यामुळे. काही कठड्यांवर ठरावीक फ्रेमरेटलाच उडी पोचते. आता बारा मशीनमधल्या तिघांना नवं कार्ड असेल तर तेच तिघे वर चढणार. सामना पैजेचा असेल तर सगळ्यांना १२५ ची मर्यादा घालायची, नाहीतर हरलेला गडी मशीनवर खापर फोडणार, आणि या बाबतीत तो बरोबर असणार.

एकाच गाळ्यात दोन खेळ

चारच्या आयुष्यातली सगळ्यात मजेची गोष्ट ही, की जे पर्क आणि हेलिकॉप्टर त्याच्या डब्यावर मिरवले गेले तेच पक्क्या खेळाडूंनी काढून टाकले. प्रोमॉड नावाचा मॉड, म्हणजे खेळाडूंनीच गेममध्ये केलेला बदल, त्यासाठीच. पर्क नाहीत, बळींची बक्षिसं नाहीत, सगळी हत्यारं पहिल्यापासून उघडी, स्नायपर टीममध्ये एकच. खेळायचं सर्च अँड डिस्ट्रॉय, म्हणजे एका टीमने बॉम्ब लावायचा, दुसरीने वाचवायचं, पाच विरुद्ध पाच. राऊंड पावणेदोन मिनिटांचा, बॉम्ब लावायला ५ सेकंद, फुटायला ४५, निकामी करायला ७. मुळात निकामी करायलाही ५ च लागतात. हे दोन जादा सेकंद बचाववाल्यांना एकट्याने धाव घेऊन वाचू देत नाहीत, आधी बॉम्बभोवतीची जागा मोकळी करावी लागते. क्रॅश नकाशावर पडलेल्या हेलिकॉप्टरच्या आसपास बॉम्ब लागला असेल तर समोरच्या तीन मजली इमारतीत कोण उरलंय, ते नक्की झाल्याशिवाय कोणी गुडघ्यावर बसत नाही.

गोळी पातळ भिंतीतून आरपार जाते, हे चारचं वैशिष्ट्य प्रोमॉडमध्ये खरं फुलतं. पावलांचा आवाज ऐकून दारापलीकडे दोन-चार गोळ्या सोडणं हे इथे नशिबावर सोडलेलं काम नाही, नकाशातली कुठली फळी किती जाड आहे ते पाठ केलेलं असतं. म्हणूनच फेस्टच्या स्पर्धेत एकसारखे हेडफोन देणं माऊसइतकंच महत्त्वाचं.

लॅन स्पर्धेसाठी दर बाजूला दहा राऊंडचा नॉकआउट प्रकार लावायचा. जास्तीत जास्त २० राऊंड, अकरा जिंकले की संपलं. वीसच्या वीस खेळले तरी निव्वळ ३५ मिनिटं, त्यात लागलेल्या बॉम्बचा वेळ, तयारी, भांडणं धरून तास पुरतो. बारा मशीनपैकी दहा खेळाडूंना, अकरावं पंचाला प्रेक्षक म्हणून, बारावं राखीव. मॉडचं फोल्डर सगळीकडे आधीच कॉपी करून ठेवायचं आणि त्याच्या नावात एका अक्षराचाही फरक करायचा नाही; हौसेने कॅफेचं नाव घातलेलं फोल्डर प्रोमॉड चालू देत नाही.

म्हणजे दुपारी शाळकरी पोरं मार्टर्डमवर हसतायत आणि रात्री त्याच मशीनवर कॉलेजवाले पर्कशिवाय राऊंड मोजतायत. कॉन्फिग बदलून सर्व्हर पुन्हा चालू केला की काम झालं, कोणाला विचारायला जावं लागत नव्हतं. दोन वेगळ्या गिऱ्हाइकांना एका गेमने धरून ठेवलं ते यामुळे. इन्फिनिटी वॉर्डने खेळ चांगला केला यात वाद नाही, पण पीसीवर तो उघडा ठेवला, ही त्यांची मोठी कामगिरी असं आम्ही मानतो.

आणि मग मॉडर्न वॉरफेअर २ ने काय केलं

मॉडर्न वॉरफेअर २ च्या पीसी आवृत्तीत स्वतःचा डेडिकेटेड सर्व्हर, म्हणजे गल्ल्यावरच्या पीसीसारखा वेगळा सर्व्हर, उभा करायची सोय नव्हती. सामने जुळवायचं काम आयडब्ल्यूनेट नावाची व्यवस्था करायची, खातं स्टीम या ऑनलाइन गेम दुकानाचं, जास्तीत जास्त १८ खेळाडू, मॉड नाहीत, गेमला आज्ञा टाइप करून द्यायची सोय नाही. जमलेल्या खेळाडूंपैकीच एकाचं मशीन यजमान व्हायचं, म्हणजे सर्व्हरचं काम करायचं.

आपल्या गाळ्याला हे लावून बघा. बारा पोरांना बारा स्टीम खाती, प्रत्येकावर विकत घेतलेली प्रत. सगळी मशीन एकाच राऊटरमागून, एकाच बाहेरच्या पत्त्यावरून त्या व्यवस्थेशी बोलणार आणि पोर्टवरून भांडणार. यजमानपद बाहेरच्या कोणाकडे गेलं की शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राला मारलेली गोळी आधी भलत्याच शहरात जाऊन येणार. आणि ते या गाळ्यातल्या एखाद्या मशीनकडे आलं तर वर काढलेला २.४ मेगाबिटचा भार २५६ केबीपीएसच्या लाईनवर, म्हणजे नवाला एक या प्रमाणात. लाईन गेली तर, स्विच ठणठणीत असूनही, शेजारीशेजारी बसलेल्यांना आयडब्ल्यूनेटवर भेटता येत नाही.

घरी चांगलं नेट असलेल्याला मॉडर्न वॉरफेअर २ आवडला, आणि त्याचं चुकलं असंही नाही. एकट्याने बसून बटण दाबलं की सामना मिळायचा. मधला २००८ चा वर्ल्ड अ‍ॅट वॉर ट्रेयार्कचा, इंजिन तेच, सर्व्हरही स्वतःचा लावता यायचा. पण तो पुन्हा महायुद्धात गेला आणि लोकांच्या लक्षात राहिला तो मुख्यतः झॉम्बीसाठी. नोव्हेंबर २०१० च्या ब्लॅक ऑप्सने डेडिकेटेड सर्व्हर परत आणले, पण ते एकाच ठरलेल्या कंपनीकडून भाड्याने घ्यायचे. गल्ल्यावरच्या जुन्या पीसीला त्यातही जागा नव्हती.

आजही सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा कॉलेजात चार लावायचा असेल तर एका पीसीवर दोन सर्व्हर एकदम चालवता येतात: २८९६० वर साधा टीम डेथमॅच, २८९६१ वर प्रोमॉड. दोन्हींना वेगळी कॉन्फिग फाईल आणि ठळक वेगळं नाव द्या, कारण यादीत दोन सारखी नावं दिसली की अर्धी टीम भलत्याच सर्व्हरवर जाऊन बसते.